खळ्यातली मोटार

आचरा, ता. मालवण, जि. रत्नागिरी
१४ जानेवारी १९५९

व्याही गुरुदासराव कुबल यांस आचऱ्याहून गुणाजी सारंगाचा नमस्कार.

सोबत तिळगूळ आहे. प्रेमाच्या आईने केलाय, म्हणून वड्या जरा कडक आहेत. तुमचे दात किती उरलेत ते मला माहीत नाही, पण लग्नाच्या बैठकीत तुम्ही माझे जे लचके तोडलेत त्यावरून बरेच असावेत.

आता कामाचं. प्रेमाचं पहिलं बाळंतपण माहेरी होणार, यात बोलण्यासारखं काही नाही. आठवा महिना लागायच्या आत ती इथे यायला हवी. कोल्हापूरहून कणकवलीपर्यंत एस.टी. आहे. पुढे आचऱ्यापर्यंत बैलगाडी, आणि तिचे हिसके तुम्ही वरातीत खाल्लेच आहेत. यंदा तो प्रश्न मिटला. मी स्वतःची मोटार घेऊन कणकवलीला उभा राहणार.

हसू नका. तोंडवलीचा आंतोन लोबो पुण्याला लेकीकडे राहायला गेला. त्याची बत्तीस सालची छोटी विलायती मोटार शेडात पडून होती. जाताना चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "गुणाजी, हिका दर्याची हवा लागली तर कुसतली. तू सांभाळ." मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिची पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबलो आणि मग बैल जुंपून गाडी घरी आणली. आंतोनचा पुतण्या पायस आमच्या भाताच्या गिरणीचं इंजिन चालवतो. तो आणि मी मिळून गेले चार महिने तिच्यामागे आहोत. आता इंजिन एका हँडलात सुरू होतं. गाडी घरापुढच्या खळ्यात उभी असते (तुम्ही कोल्हापूरकर त्याला अंगण म्हणता), आणि अख्खी वाडी तिला बघायला येते.

एक बारीकसं आहे. हात सैल सोडला की ती समुद्राकडे जाते. पण माझं काही अडत नाही. आमच्या होडीला एका अंगाला तोल धरणारी लाकडाची उलांडी असते, त्यामुळे सुकाणू जन्मभर एका बाजूला दाबूनच धरायची सवय आहे. मोटारीचंही सुकाणूच ते.

प्रेमाला आशीर्वाद. तिच्या आईने तिच्यासाठी वेगळी पुरचुंडी बांधलीय, ती फोडू नये.

गुणाजी


शाहूपुरी, कोल्हापूर
२२ जानेवारी १९५९

गुणाजीराव, नमस्कार.

तिळगूळ पोचला. खलबत्त्यात कुटून खाल्ला. पुरचुंडी मी फोडली नाही, पण प्रेमाने फोडल्यावर त्यातली अर्धी मलाच मिळाली.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीस वर्षं मी मोटारींच्या वर्कशॉपात फोरमन होतो, हे तुम्ही बैठकीत ऐकलं असेल. तेव्हा तुमचं लक्ष जेवणाकडे होतं. मोटारीला सुकाणू नसतं, स्टिअरिंग असतं. आणि जी मोटार हात सोडल्यावर वाट सोडते ती मोटार रस्त्यावर आणायची नसते. माझी सून त्या मोटारीत बसणार नाही. हात सोडून ती सरळ चालली पाहिजे, ही माझी अट. अट पुरी झाली नाही तर इथे चार घरं सोडून चांगली डॉक्टरीणबाई आहे, बाळंतपण इथेच होईल. विहीणबाईंनी राग मानू नये.

ती समुद्राकडे जाते म्हणता. म्हणजे तोंडवलीहून आचऱ्याला येताना, समुद्र डाव्या हाताला असताना. मग आचऱ्याहून तोंडवलीला जाताना कुठे जाते? समुद्राकडेच गेली तर ती मोटार नाही, बोट आहे, मला विचारू नका. डोंगराकडे गेली तर तिला डावीकडे जायची खोड आहे, आणि त्याला कारण असतं.

आधी एवढं करा. पुढच्या दोन्ही चाकांत हवा सारखी आहे का बघा. रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून बरोबर मधोमध चालवून बघा. मग पुढचा भाग जॅकवर उचला. चाक हाताने फिरवा. डावं अडखळत असेल तर ब्रेक घासतोय. शेवटी चाक वरून-खालून धरून हलवा. डुगडुगलं तर किंगपिन झिजलीय. चाक ज्या उभ्या खिळ्यावर वळतं, तो खिळा म्हणजे किंगपिन.

प्रेमा बरी आहे. माझा चष्मा जुना झालाय, म्हणून सकाळचा पेपर तीच वाचून दाखवते. मृत्यूच्या बातम्या गाळते. मी विचारलं तर म्हणते, "मामंजी, आज कुणी मेलं नाही."

आपला,
गुरुदास कुबल


आचरा
६ फेब्रुवारी १९५९

गुरुदासराव,

तुमचं पत्र प्रेमाच्या आईला वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य आलं तेव्हा ती चुलीपुढून उठली आणि माडाखाली जाऊन बसली. नंतर येऊन म्हणाली, "त्यांका सांगा, माझ्या चेडवाचा पयला बाळांतपण परक्या बायलेच्या हातान जावचा नाय." तेव्हा आता ही माझी एकट्याची हौस उरलेली नाही. बायकोच्या तसल्या नजरेसमोर निम्मा महिना काढणं म्हणजे काय ते मला विचारा.

सगळं केलं. परत जाताना गाडी डोंगराकडे जाते. तुमचं खरं, आता आनंद माना. डाव्या चाकात हवा कमी होती, ती भरली. चाकं मोकळी फिरतात, ब्रेक घासत नाही. किंगपिन मात्र दोन्हीकडच्या पार झिजल्या होत्या, लहान पोराच्या पडायला आलेल्या दातासारखं चाक हलत होतं. पायसने मुंबईहून नव्या पिना आणि पितळेच्या बुशा मागवल्या, त्या बसवल्या. आधी वेग घेतला की स्टिअरिंग (लिहिलं बघा) थरथरायचं, ते थांबलं.

पण डावीकडे जायची खोड आहे तशीच. रस्त्याच्या मधोमध चालवली तरी. परवा पायस म्हणाला, "गुणाजीबाब, हात सोडून बघूया." मी सोडले. गाडी सरळ गुरवाच्या कुळथाच्या मळ्यात गेली. गुरवाने दुसऱ्या दिवशी मळ्याच्या त्या बाजूला काट्या घातल्या.

पुढे काय करायचं ते लिहा, आणि लवकर लिहा. आता मार्च येईल.

गुणाजी


कोल्हापूर
१४ फेब्रुवारी १९५९

गुणाजीराव, नमस्कार.

किंगपिन बसवल्यात हे उत्तम केलंत. पायस हुशार दिसतो. त्याच्या हातात स्टिअरिंग देऊन तुम्ही शेजारी बसत जा, कुळीथ वाचेल.

विहीणबाई माडाखाली जाऊन बसल्या हे वाचून वाईट वाटलं. पण अट तीच.

आता मोजमाप. गाडी सपाट जागी उभी करा, हे महत्त्वाचं. मागच्या चाकाला टेकवून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणा, दोन्ही अंगांनी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. नसेल तर एक्सल एका बाजूला सरकलाय. मग पुढच्या दोन चाकांमधलं अंतर मोजा, पुढून आणि मागून. पुढून केसभर कमी असावं. शेवटी गवंड्याचा ओळंबा घेऊन चाकाच्या वरच्या काठावरून सोडा आणि चाक कुठे झुकलंय ते लिहून कळवा.

हे कशासाठी ते सांगतो, म्हणजे नुसते हुकूम सोडतो असं व्हायला नको. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, पाहिलंय ना? म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते. मोटारीची किंगपिनही तशीच जराशी मागे कललेली असते. एका अंगाची पिन कमी कलली की गाडी त्या अंगाला पळते. कुठेतरी काहीतरी तिरकं बसलंय, ते शोधायचं आहे.

इथे प्रेमाने सोड्यांचं कालवण केलं होतं. मी बारा वर्षांचा असताना वेंगुर्लं सोडलं, त्यानंतर ही चव तोंडाला लागली नव्हती. माझी बायको देशावरची होती, तिला सुक्या मासळीचा वास सोसायचा नाही. शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात. मी आमच्या उघड्या ठेवतो.

गुरुदास


आचरा
२ मार्च १९५९

गुरुदासराव,

तुमचं मोजमाप झालं. सपाट जागा विचारता? आमच्या खळ्यासारखी सपाट जागा आचऱ्यात दुसरी नाही. मी स्वतः चोपण्याने चोपून, शेण सारवून केलेलं खळं आहे. त्यावर भात सांडलं तर एक दाणा इकडचा तिकडे होत नाही.

दोरी दोन्ही अंगांनी ताणली, अंतर सारखं. पुढच्या चाकांचं तोंड तुम्ही म्हणता तसं केसभर जवळ. ओळंबा लावला तेव्हा मात्र चोर सापडला. डावं चाक वरच्या बाजूने एक बोट बाहेर झुकलंय, आणि उजवं एक बोट आत. म्हणजे दोन्ही चाकं डावीकडेच कललीत, आणि सारखीच. पायसने तीनदा लावून पाहिला.

मला वाटतं एक्सलच वाकलाय. लोहाराकडे नेऊन तापवून सरळ करावा म्हणतो. पण तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावत नाही, एवढं शहाणपण आलंय.

प्रेमाच्या आईने बाळंतिणीच्या खोलीला सारवण घातलं. डिंक, अळीव, हाळीव असं काय काय मालवणच्या बाजारातून आणून ठेवलंय. मी म्हटलं अळीव आणि हाळीव एकच. ती म्हणाली, तुम्ही मोटारीकडे बघा.

गुणाजी


कोल्हापूर
१० मार्च १९५९

गुणाजीराव, नमस्कार.

आकडे मिळाले. एक्सल तापवू नका, लोहाराच्या सावलीलाही नेऊ नका.

घाईने निर्णय घेणं बरं नाही. आता असं करा. पाट्याच्या स्प्रिंगा ज्या कड्यांना टांगलेल्या असतात त्या चारही कड्या उघडा. सगळे बोल्ट काढून रॉकेलात बुडवून ठेवा, चांगले आठवडाभर. गंज घासा, ग्रीस भरा, पुन्हा बसवा. त्यानंतर पुढच्या स्प्रिंगांचे पाटे सुटे करून एकेक तपासा, कुठे चीर आहे का. हे झालं की कळवा. मग स्टिअरिंगची पेटी बघू. महिना मोडला तरी चालेल.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर इतक्या जुन्या मोटारीवर इतका भरवसा ठेवू नये. डॉक्टरीणबाईंशी मी बोलून ठेवलं आहे.

संध्याकाळी मी आणि प्रेमा पत्ते खेळतो. ती लबाडी करते. मी पकडली तर म्हणते, तुम्हाला चष्म्याशिवाय दिसलंच कसं?

गुरुदास

ता. क. बाबा, मामंजींनी पाकीट टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून खाली जागा बघून लिहितेय. गाडी लवकर नीट करा. मला आईच्या हातची पेज जेवायची आहे आणि रात्री समुद्र ऐकायचा आहे. इथे सगळं चांगलं आहे, मामंजी फार जपतात. पण मला घरी यायचंय. – प्रेमा


आचरा
२८ मार्च १९५९

गुरुदासराव,

आज चष्मा नीट लावून वाचा. नसेल दिसत तर प्रेमाकडून वाचून घ्या, आणि तिला सांगा, यातलं काही गाळायचं नाही.

शिमग्याची पालखी घरोघर येते म्हणून प्रेमाची आई खळं धुवत होती. मी आणि पायस मोटारीखाली पाठीवर पडून तुमच्या कड्या खोलत होतो. तिने घागर ओतली ती उजव्या चाकाखालून माझ्या पाठीखालून वाहत थेट डाव्या चाकाकडे गेली आणि तिथून माडाच्या बुंध्याला. मी ओरडलो. ती म्हणाली, "माझ्यार कित्याक वराडतास? खळ्याक उतार तुमीच दिलास मां, पावसाचा पाणी माडाक जावचा म्हणान."

गुरुदासराव, मी तसाच भिजलेला पडून राहिलो. खरंच मीच दिलेला उतार. सगळ्या गावाची खळी उतरतीच असतात, नाहीतर जून महिन्यात घरात होडी घालावी लागेल. रोज त्याच्यावर चालतो, म्हणून सपाट वाटतं.

कड्या बसवल्या आणि गाडीचं तोंड फिरवून उभी केली. ओळंबा लावला. आता दोन्ही चाकं उजवीकडे कललेली. म्हणजे चाकं कललीच नव्हती, खळं कललेलं होतं.

आता माझी चोरी सांगतो. ती तुम्हाला कळवली नव्हती, कारण तुम्ही हसला असतात. गाडी पहिल्या दिवशी खळ्यात आणली तेव्हा डावी बाजू दोन बोटं खाली दिसली. मला वाटलं स्प्रिंग बसलीय. आमचा होडीवाला सुतार बाबली, त्याच्याकडून फणसाचा ठोकळा करून घेतला आणि डाव्या स्प्रिंगखाली, एक्सलवर, घट्ट आवळला. गाडी सारखी दिसायला लागली. तोंड फिरवल्यावर उजवी बाजू चार बोटं खाली गेली, तेव्हा ठोकळा बाहेर काढला. बघतो तर तो एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. तासून गुळगुळीत केलेला, होडीच्या पुढच्या टोकाच्या नाळेसारखा. बाबलीला विचारलं, मी तुला चौकोनी सांगितला होता ना? तर म्हणाला, "होडयेक चौकोनी लाकूड खंय लागता? हातान आपसूक ताशीत गेलंय."

मी आणि बाबली, दोघांनी मिळून धडधाकट मोटारीला होडी केलं. तुमच्या सायकलच्या चिमट्याचं आठवलं. ठोकळ्याचं जाड टोक पुढे होतं, म्हणून डावी पिन कमी कलली. ठोकळा काढून तोंडवलीपर्यंत गेलो. मधल्या सपाटीवर दोन्ही हात डोक्यावर ठेवले. गाडी देवळात चाललेल्या म्हातारीसारखी सरळ गेली. गुरवाने काट्या काढल्या.

हे झालं माझं. आता तुमचं. पायसने तुमची सगळी पत्रं वाचली आणि एकच बोलला: "दोनय चाकां एकाच अंगाक सारखीच कलली, म्हणजे जमीन वाकडी. ह्या त्या फोरमनाक कळाक नाय?"

तीस वर्षांच्या फोरमनला कळलं नाही? की कळलं, आणि तरीही बोल्ट आठवडाभर रॉकेलात बुडवायला सांगितले? मी पत्रं पुन्हा काढून बसलो. प्रत्येक पत्रात वर मोटार आणि खाली प्रेमा. पेपर, कालवण, पत्ते. मोटार नीट होत गेली तसं खालचं वाढत गेलं. व्याही, तुम्हाला मोटारीची काळजी नव्हती. तुम्हाला माझी पोर पाठवायची नाही.

आता खरं लिहा. रागावलोय, पण उत्तर आल्यावर किती रागवायचं ते ठरवीन.

गुणाजी


कोल्हापूर
३ एप्रिल १९५९

गुणाजीराव,

पत्र मीच वाचलं, चष्मा लावून.

ओळंब्याचे आकडे वाचले त्याच क्षणी कळलं. माझ्याही लहानपणी वेंगुर्ल्याच्या घरापुढे असंच खळं होतं, आणि तिथे गोट्या खेळलो की सगळ्या माडाच्या आळ्यात जमा व्हायच्या. ठोकळ्याचं मात्र माहीत नव्हतं. ते तुम्ही लपवलंत. मी खळ्याचं लपवलं.

तुमचा जावई रविकांत सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. त्याची आई गेल्यापासून ह्या घरात दिवसभर कुणी बोलत नसे. मी दुपारी भाकरी उभ्यानेच खायचो. प्रेमा आली आणि तिने पहिल्याच दिवशी पाट मांडून मला खाली बसवलं. ती तीन-चार महिने नसणार, हे मला सोसवेना. एवढंच कारण आहे. मोठ्या वयाच्या माणसाला ते तोंडाने सांगता येत नाही, म्हणून बोल्ट रॉकेलात बुडवले.

विहीणबाईंची क्षमा मागतो. त्यांना पुन्हा माडाखाली बसायला लावणार नाही. डॉक्टरीणबाईंशी मी बोललो नव्हतो, ते खोटं लिहिलं. एस.टी.चं आरक्षण करतो. तुम्ही कणकवलीला या.

गुरुदास


आचरा
९ एप्रिल १९५९

गुरुदासराव,

तुमचं पत्र वाचून राग गेला, याचाच राग आला.

प्रेमाच्या आईचा निरोप: आरक्षण दोघांचं करा. तुम्हीही या. मुलाचा बाप सुनेच्या माहेरी राहायला येत नाही, हे मला ठाऊक आहे, गावालाही ठाऊक आहे. पण गावाला सांगू, व्याही मोटार तपासायला आले आहेत, तीस वर्षांचा फोरमन आहे. चार दिवस राहा. सोडे, तिसऱ्या, बांगडे, जे म्हणाल ते. आमच्या खळ्यात गोट्या अजून माडाच्या आळ्यातच जमा होतात.

गाडी मी चालवीन. पायस म्हणतो तो चालवील. तुम्ही आल्यावर भांडू.

गुणाजी


कोल्हापूर
२ मे १९५९

गुणाजीराव आणि विहीणबाई यांस नमस्कार.

सुखरूप पोचलो. चार दिवस सांगून नऊ दिवस ठेवून घेतलंत, शर्टाची बटणं लागत नाहीत.

रामगडच्या सपाटीवर तुम्ही मला न विचारता दोन्ही हात वर केलेत, ते मी विसरलेलो नाही. प्रेमा मागे झोपली होती, म्हणून ओरडलो नाही. डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी रस्त्याच्या मधोमध होती आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसत होता. ज्याला गाडी चालवायची असते त्याने पुढे बघायचं असतं. पण गाडी सरळ आहे. अट पुरी झाली, असं लेखी देतो.

इथे पेपर येतो आणि घडी घातलेलाच राहतो. प्रेमाला सांगा, पत्ते तिच्या फळीवर ठेवलेत, तिने लपवलेल्या राणीसकट.

गुरुदास


आचरा
१६ जून १९५९

गुरुदासराव,

मुलगी झाली. दोघी सुखरूप. प्रेमाच्या आईच्या हातानेच सगळं झालं, ती दोन दिवस जमिनीवरून चालत नाहीये. रविकांतला वेगळं पत्र टाकलंय, पण तुम्हाला आधी लिहिलं.

नाक तुमचं आलंय बिचारीचं. तिच्या लग्नाच्या बैठकीत मी तुमच्या बाजूला बसणार आहे.

गुणाजी


आचरा
२० सप्टेंबर १९५९

व्याही गुरुदासराव यांस नमस्कार.

चतुर्थी झाली, गणपती पोचवले. तुमचं पत्र आलं. पोर तीन महिन्यांची झाली, आता दोघींना पाठवा, रविकांत कणकवलीला घ्यायला येईल, असं तुम्ही लिहिता. रास्तच आहे. मी काही हरकत घेत नाही.

फक्त एक अडचण आली आहे. मोटार पुन्हा बिघडली. म्हणजे चालते, पण डावीकडे जाते. मी फार विचार केला. गाडी खळ्यात उभी करून ओळंबा लावला. डावं चाक एक बोट बाहेर, उजवं एक बोट आत. दोन्ही सारखीच कललीत. कारण काही केल्या लक्षात येत नाही. अशा गाडीत तुमची नात बसवायची जोखीम मी घेऊ शकत नाही, तुम्हीच माझ्या जागी असतात तर घेतली नसतीत.

नात दुपारी मोटारीच्या मागच्या सीटवरच झोपते, जिथे आंतोनची कोंबडी बसायची तिथे. भोंगा वाजवला की हसते. मी कामाला दर्यावर गेलो की तिची आजी भोंगा वाजवते. खळ्यात आता दिवसभर कुणी ना कुणी असतं. प्रेमाच्या लग्नानंतर हे घर कसं झालं होतं ते मी तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं नव्हतं.

पायसला विचारलं, तर तो म्हणतो गाडी ठीक आहे. पण तो पडला गिरणीचं इंजिन चालवणारा. तुम्ही फोरमन. तेव्हा तुम्ही सांगाल तसं करीन.

गुणाजी


कोल्हापूर
२८ सप्टेंबर १९५९

गुणाजीराव, नमस्कार.

आपले आकडे मिळाले. नीट अभ्यासले. रविकांतलाही दाखवले. तो म्हणाला, बायको माझी आहे हे तुम्हा दोघांपैकी कुणाला आठवतं का? त्याच्याकडे लक्ष देऊ नका. शनिवारी त्याला तिकडे पाठवतो, दोन दिवस राहील आणि एकटा परत येईल.

दोष गंभीर वाटतो. घाईने निर्णय घेणं बरं नाही. चारही कड्या उघडा. बोल्ट रॉकेलात बुडवा, या खेपेला दोन आठवडे. पावसाळा नुकताच संपलाय, गंज फार असणार. मग पाटे सुटे करून एकेक तपासा. रोज दुपारी भोंगाही तपासत जा. त्यानंतर स्टिअरिंगची पेटी आहेच. हे सगळं मनापासून केलं तर सहज दिवाळी उजाडते. तोवर माझी सून आणि नात त्या मोटारीत बसणार नाहीत, ही माझी अट आहे.

दिवाळीत मी स्वतः येतो. पाडव्याला गाडी हात सोडून सरळ चालली पाहिजे, आणि मागच्या सीटवर दोघी असल्या पाहिजेत. त्यापुढे एक दिवस देणार नाही.

इथलं ठीक आहे. नवा चष्मा केलाय. पेपर आता मीच मोठ्याने वाचतो. आज कुणी मेलं नाही.

गुरुदास